मऊ नावाचं बटण

ता. ४ जानेवारी

प्रिय मामा,

काल फोन केला होता. तू उचललास, घसा खाकरलास आणि रिसीव्हर मामीच्या हातात दिलास. मग मामीने मला तिच्या गुडघ्याची साद्यंत हकीकत सांगितली आणि माझी सांगायची राहूनच गेली. तसंही तुझ्याशी बोलायचं तर कागदावरच बरं.

कार्यक्रम झाला. मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट चांगला झाला. जुन्या गोदामाचं केलेलं छोटंसं सभागृह, शंभर खुर्च्या, त्यातल्या ऐंशी भरलेल्या. टेबलावर तू केलेली लाकडी चौकट, तिच्यात आपली नऊ मॉड्यूल आणि पुढे लोंबणारं वायरींचं जंजाळ. सुरू व्हायच्या आधी एक गृहस्थ जवळ येऊन वाकून बघून म्हणाले, "दुरुस्ती चाललीय का? मग जरा वेळाने येतो."

मामी विचारत होती, "तू वाजवतेस म्हणजे नक्की करतेस काय? ना तार, ना पट्टी." तिला तुझ्याच शब्दांत सांग. हा सुट्या भागांचा सिंथेसायझर, एकेक भाग म्हणजे मॉड्यूल. एक मॉड्यूल अखंड सूर काढतं, त्याला दम लागत नाही. त्या सुराच्या वाटेवर व्हीसीए, म्हणजे दार. दाराला जेवढं व्होल्टेज मिळेल तेवढं ते उघडतं. व्होल्टेज गेलं की मिटतं. हाताने कुणी उघडायचं नाही. मग त्या व्होल्टेजला कोण हलवणार, यातच सगळी गंमत.

शेवटची रचना बारा मिनिटांची होती, तिचं नाव मी 'दार' ठेवलंय. एकच सूर, आणि ते दार उघडतंय, मिटतंय, अर्धवट उघडून परत मिटतंय. संपल्यावर लोक उभे राहिले. आता एक छोटी कंपनी त्याची रेकॉर्ड काढणार आहे. सगळे एकच विचारत होते, हा ताल आणला कुठून? मी हसून वेळ मारून नेली.

सोबत सीडी पाठवतेय. तू चिकित्सा करू नकोस, नुसतं ऐक.

तुझी
खुडबुड

*

ता. १५ जानेवारी

चि. खुडबुडीस,

नुसतं ऐक म्हणजे काय? छत्तीस वर्षं मी लोकांचे ॲम्प्लिफायर उघडून आत बघतोय. डॉक्टरला जेवायला बोलवावं आणि जिभेकडे बघू नका म्हणावं, तसं झालं.

सीडी तीनदा ऐकली. पहिल्यांदा दुकानातल्या स्पीकरवर, मग हेडफोनवर, मग घरी, मामीला समोर बसवून. मामी म्हणाली, "छान आहे, पण कुणीतरी आत कोंडल्यासारखं वाटतं." मी तिला गप्प केलं. पण मनात आलं, बाईला बरोबर कळलं.

खुडबुडे, मी भारावून गेलोय. सूर ठीक, सूर कुणीही काढील. पण तो ताल! दार दोन-तीनदा भराभर किलकिलं होतं, मग मिटतं, आता येतच नाही असं वाटतं आणि मग सगळा सूर एकदम बाहेर पडतो. घड्याळात बसत नाही आणि तरी चुकीचा वाटत नाही. कसं केलंस? माग काढायला बसलो पण मला जमेना. कुठली वायर कुठून कुठे, एवढंच लिही. बाकीचं मी करतो.

आणखी एक लिहायचं आहे, समोर असतीस तर बोललो नसतो. मी अडखळतो हे जगजाहीर आहे. दुकानात माइक तपासायलासुद्धा मी हॅलो म्हणत नाही, टिचकी मारतो. तुम्ही सगळी पोरं लहान असताना माझी पाठ वळली की माझी नक्कल व्हायची. मला ऐकू यायचं, कान शाबूत आहेत. तू एकटी कधी त्यात नव्हतीस. म्हणून दुकानाची किल्ली मी तुला दिली, दुसऱ्या कुणाला नाही. गेल्या उन्हाळ्यात तू आठ दिवस आलीस आणि मी तुला व्हीसीए समजावला, त्या दुपारी मी जेवढं बोललो तेवढं मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही बोललो नसेन. मामी साक्षीला आहे.

तेव्हा त्या दुपारचं हे फळ आहे असं मी धरून चालतो. शिकवलेलं वाया गेलं नाही.

जोडणी कळव.

मामा

*

ता. २२ जानेवारी
(हे पत्र टाकलं नाही.)

प्रिय मामा,

जोडणी विचारलीस. लिहिते.

त्या दुपारी बाकावर माझा रेकॉर्डर चालू होता. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण घेतेय. ते खरंही होतं. पण तू बोलायला लागलास आणि मी तो बंद केला नाही. चाळीस मिनिटं आहेत.

तू मला एक मॉड्यूल करून दिलंयस ना, ज्याला तू मागकाढ्या म्हणतोस. कुठलाही आवाज आत घेतो, शब्द टाकून देतो, आवाज कधी चढला, कधी पडला, एवढ्याचंच व्होल्टेज करून बाहेर देतो. मी तुझं बोलणं त्यात घातलं. त्याचं व्होल्टेज व्हीसीएला दिलं. म्हणजे ते दार उघडमीट करतंय ते तुझं

इथे थांबते. 'नक्कल' हा शब्द तू लिहिला नसतास तर लिहून झालं असतं.

*

ता. २३ जानेवारी

प्रिय मामा,

उशीर झाला, कामात होते. जोडणी सोपी आहे. रँडम व्होल्टेज देणारं मॉड्यूल दार उघडतं. पण त्याचं व्होल्टेज थेट दारापर्यंत जात नाही, वाटेत दुसरा व्हीसीए आहे आणि त्याला दुसरं रँडम व्होल्टेज हलवतं. म्हणजे दार हलवणाऱ्या हातावरच आणखी एक दार. कधी हात पोचतो, कधी नाही. बस, एवढंच. बाकी नशिबाचा भाग.

तू उगाच डोकं लावू नकोस. मामीच्या गुडघ्याला शेक मिळतोय ना?

तुझी
खुडबुड

*

ता. ९ फेब्रुवारी

चि. खुडबुडीस,

डोकं लावलं. पंधरा दिवस झाले, गिऱ्हाइकांचे तीन ॲम्प्लिफायर उघडे पडलेत आणि मी हे करत बसलोय.

तुझी जोडणी जशीच्या तशी केली. येत नाही. मग तिसरा व्हीसीए घातला. मग दाराला थोडी फट ठेवून बघितली, म्हणजे व्होल्टेज शून्य झालं तरी सूर अगदीच मरायचा नाही. बरं वाटतं, पण तुझं नाही. मग दुसऱ्या व्हीसीएचं बाहेर आलेलं पहिल्यालाच परत पाजलं. त्याने असा काही गळा काढला की शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊन बघायला आला.

मधल्या मध्ये एक फायदा झाला. व्हीसीए उलटा जोडला, म्हणजे व्होल्टेज वाढलं की दार मिटतं. तो स्वयंपाकघरातल्या रेडिओला लावला आणि माइक मामीजवळ ठेवला. आता मामी बोलायला लागली की रेडिओ आपोआप दबतो आणि तिचं संपलं की परत वर येतो. मामी म्हणाली, "या घरात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं ऐकून गप्प बसलं." तेव्हापासून रेडिओ दबलेलाच आहे.

पण तुझा ताल! मी सांगतो काय होतंय. रँडम थांबतं, पण अडत नाही. थांबणाऱ्याला पुढे जायचं नसतं, अडणाऱ्याला जायचं असतं. तुझ्या सीडीत ते दार अडतं. आत कुणीतरी जोर लावतंय असं ऐकू येतं. हा फरक मला कळणार नाही तर कुणाला कळणार? पण तो नशिबाच्या व्होल्टेजमधून कसा निघाला, हे मात्र कळत नाही. तुझ्याकडून काहीतरी लिहायचं राहिलंय.

असो. मी आता नवीन मॉड्यूल करायला घेतलंय. जोर लावून अडणारं व्होल्टेज देईल असं. पाचदा सोल्डर करून पाचदा काढलं. पण जमेल. समोरच्या पट्टीवर तुझं टोपणनाव कोरून घेतलंय, म्हणजे आता माघार नाही.

मामा

*

ता. २० फेब्रुवारी

प्रिय मामा,

ते मॉड्यूल करू नकोस. हातातलं ठेव आणि हे वाच. मामीला वाचून दाखवू नकोस.

मी खोटं लिहिलं. रँडम व्होल्टेज नव्हतंच. तो ताल तुझा आहे. त्या दुपारी माझा रेकॉर्डर चालू होता. तुझं बोलणं मी मागकाढ्यात घातलं आणि त्याच्या व्होल्टेजने दार हलवलं. शब्द एकही ऐकू येत नाही, पण दार किलकिलं होऊन परत मिटतं तिथे तू अडला आहेस, आणि सूर एकदम बाहेर पडतो तिथे तुझा शब्द सुटला आहे. सगळी बारा मिनिटं तू आहेस.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. इतकं सुंदर काही मी आजवर केलं नव्हतं, आणि केलं तरी कुठे होतं, तुझंच होतं. तेव्हाच तुला विचारायचं होतं. मग वाटलं, विचारलं आणि तू नाही म्हणालास तर? म्हणून विचारलं नाही. इतकं साधं आहे, याला चांगलं नाव देता येत नाही.

लोकांनी विचारलं तेव्हा म्हणता आलं असतं, हे माझ्या मामाचं बोलणं आहे. जीभ रेटली नाही. त्यांना वाटलं असतं मी कुणाचं तरी व्यंग वाजवून टाळ्या घेते. आणि ते खोटं नव्हतं.

परवा आईने सीडी ऐकली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मिनिटभरात हात थांबले. म्हणाली, "दादा आहे का गं हा?" मी मान हलवली. तिने विचारलं, "त्याला माहीत आहे?" मी उठून सीडी बंद केली. तिने उरलेल्या घड्या घातल्या, कपाट लावलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. त्याच संध्याकाळी तुझं पत्र आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा मी लपवला होता आणि तुला गावभर फिरवत होते. पंधरा दिवस तू स्वतःच्या जिभेची नक्कल करायला धडपडलास. मामा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

रेकॉर्ड काढू नका म्हणून कंपनीला कळवते. तू सांगशील ते करते. नुसतं रागावलास तरी चालेल, पण लिही.

तुझी
खुडबुड

*

ता. २८ मार्च

खुडबुडे,

मी मामी. अक्षर वाईट आहे, समजून घे. तुझ्या मामाने पाच आठवडे दुकानाच्या बाकावर चादर घालून ठेवलीय. गिऱ्हाइकांना हातानेच नाही म्हणतो. आधी घरात माझ्याशी तरी चार शब्द बोलायचा, आता तेही नाही. मीठ हवं असलं तरी बोट दाखवतो. मी विचारलं, पोरीकडून तुझं मशीन मोडलं का? तर मानेनेच नाही म्हणाला आणि उठून गेला.

तुमचं काय बिनसलं ते मला कळायची गरज नाही. पण मोडलं असशील तर कबूल कर आणि सांधून टाक. तो यंत्रावर रागावतो, माणसांवर नाही. रेडिओ मी परत साधा करून घेतला. एकटीच बोलून तो दाबायला मला कसंतरी वाटायला लागलं.

मामी

*

ता. १८ एप्रिल

चि. खुडबुडीस,

मामीने तुला लिहिलं हे मला काल कळलं. तिला वाटतंय तू यंत्र मोडलंस. वाटू दे.

मी स्वतःचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. दुनियेचे माइक दुरुस्त केले पण माझ्यासमोर एकही चालू ठेवला नाही. त्यामुळे जे तुझ्या आईला मिनिटात कळलं ते मला तीनदा ऐकून कळलं नाही. उलट मीच तुला लिहिलं, काय ताल आहे, काय ताल आहे. ते पत्र आठवलं की कानशिलं तापतात. परत पाठव म्हणणार होतो, पण मग तू मुद्दाम वाचशील.

महिनाभर मी सीडीला हात लावला नाही. मग एकदा लावला, काय झालंय ते तर बघावं म्हणून. आणि मला तुझी दुसरी चूक सापडली. पहिली चूक न विचारण्याची. तिचा राग आला आणि उतरलाही. दुसरी उतरत नाही.

मागकाढ्यावर मी एक बटण दिलंय, खाली माझ्या हाताने 'मऊ' लिहिलंय. ते जेवढं फिरवावं तेवढे मागातले खाचखळगे बुजतात. तू ते जवळजवळ पूर्ण फिरवलं होतंस. मी एका शब्दावर दहा वेळा आपटतो, तुझ्या सीडीत तिथे दोन-तीन गोड हेलकावे आहेत. माझी खरखर कुठे गेली? तू मला वाजवलंस आणि वाजवताना मला धुऊनपुसून घेतलंस. पाहुण्यांसमोर पोराला आणण्याआधी त्याचं नाक पुसतात तसं.

आता मला एक गोष्ट कळली. तू माझी नक्कल करत नव्हतीस हे खरं. पण मी अडलो की तू खाली बघायचीस, फरशीकडे. मी त्याला माया समजत होतो. तुला माझी लाज वाटत होती.

नाही म्हणू नकोस. मलाही वाटते, तेव्हा तुझा दोष काढत नाही.

रेकॉर्ड बंद करू नकोस. जे केलंस ते नीट कर. बटण शून्यावर ठेव. दार खडखडेल, सुराला खरखर येईल, लोकांना कसंतरी होईल. होऊ दे. मला समोर बघून त्यांना कसंतरी होतंच. आणि वाजवायच्या आधी सांग की हे कोण आहे. मी येणार नाही. मला विचारलंस आणि मी हो म्हटलं, एवढं पुरे.

मामा

*

ता. १२ मे

प्रिय मामा,

काल दुपारी चारला कार्यक्रम झाला. त्याच सभागृहात. तुझ्या पत्राला उत्तर लिहिलं नाही, कारण फरशीचं तू लिहिलंस ते वाचून थेट तयारीलाच लागले. बरोबर आहे ते.

आधी बोलले. कागदावर लिहून नेलं होतं: "या रचनेतला ताल माझ्या मामाच्या बोलण्याचा आहे. तो अडखळत बोलतो. मागच्या वेळी मी त्याला न विचारता तो घेतला आणि तुमच्यापासून लपवला. आज विचारून घेतलाय." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं.

मग बटण शून्यावर ठेवलं आणि सुरू केलं. मामा, ते गोड नव्हतं. दार आपटत होतं. सूर फाटून बाहेर येत होता. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पर्स उघडून उगाच आत बघितलं. पण मी वर बघत होते आणि पहिली तीन मिनिटं मला वाटलं, जमतंय. खरंच काहीतरी घडत होतं, ते लोकांना आवडो न आवडो.

चौथ्या मिनिटाला तो भाग येतो, जिथे तू एकाच शब्दावर फार वेळ अडला आहेस. दार पंधरा-वीस वेळा आपटतं. आणि मागून कुणीतरी हसलं. दबकं नाही, चांगलं मोठ्याने.

माझा हात बटणावर गेला. मी ठरवलं नाही, विचार केला नाही, हात गेला. 'मऊ' पूर्ण फिरवलं. खरखर गेली, हेलकावे आले, लोक खुर्चीत सैलावले. उरलेली आठ मिनिटं तशीच वाजवली. शेवटी उभं राहून टाळ्या मिळाल्या, मागच्या वेळेपेक्षा जास्त. मी वायरी तशाच टेबलावर सोडून आत जाऊन बसले.

तुला काही कळलं नसतं. लिहिते अशासाठी की एकदा लपवून बघितलंय. त्या माणसाला शोधायचं होतं, निदान विचारायचं होतं हसलास का, पण बाहेर येईपर्यंत मागची रांग रिकामी झाली होती. आणि शोधून तरी काय? हसला तो एकदाच. झाकलं मी.

तुझी
खुडबुड

*

ता. १६ मे

चि. खुडबुडीस,

मामीला मी सांगितलं होतं की ट्रान्सफॉर्मर आणायला जातोय. ती म्हणाली, त्यासाठी इस्त्रीचा सदरा कशाला?

तारीख तुझ्या आईला पत्र टाकून विचारली आणि बसने आलो. येणार नाही असं लिहिलं होतं आणि तेव्हा ते खरं होतं. तुला कळवलं असतं तर तू माझ्याकडे बघत वाजवलं असतंस. मला तू लोकांकडे बघत वाजवताना ऐकायचं होतं. मागच्या रांगेत खांबाआड बसलो. शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती, ती माझ्याशी बोलायला लागली तर मी हसून मान हलवली, नेहमीसारखी.

तू कागद वाचलास तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं. शंभर माणसांना कळलं की असा एक माणूस आहे, आणि तो तिथेच बसलाय हे कुणालाच माहीत नाही. मग सुरू झालं. पहिली दोन मिनिटं मी हातातल्या तिकिटाच्या पार चिंध्या केल्या. मग हळूहळू मला शब्द ऐकू यायला लागले. दुसऱ्या कुणाला येणार नाहीत, पण माझे आहेत, मला आले. इथे मी 'दार' म्हणतोय. इथे 'सूर'. इथे तुला म्हणतोय की पेचकस दे.

आणि मग ती जागा आली. मी 'व्होल्टेज' म्हणायला गेलोय आणि ते येत नाहीये. दार आपटतंय, आपटतंय. मला ती दुपार आठवली. तुला व्होल्टेज शिकवायला बसलेला मास्तर, आणि त्याला व्होल्टेजच म्हणता येत नाही. घाम पुसतोय आणि परत आपटतोय. मला माहीत होतं पुढे काय आहे. वीस धक्के मारून मी तो शब्द सोडून देतो आणि नुसतं म्हणतो, "ते गं, ते." आणि अगदी तसंच झालं. एवढा धडाका झाला आणि मग दार इवलंसं उघडून दोनदा हललं. ते गं, ते.

मी हसलो. मोठ्याने हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती कॉलेजातली मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी आजवर माझ्या बोलण्यावर कधी हसलो नव्हतो, ते काम दुसऱ्यांचं होतं. म्हणून तुला ते हसू ओळखू आलं नाही, त्यात तुझी चूक नाही. तू ते कधी ऐकलंच नव्हतंस.

रागावलेलो नाही. तू माझ्यासाठीच हात घातलास, हेही कळतं. फक्त एक सांगतो, कारण तूही सगळं लिहिलंस. त्या अर्ध्या मिनिटात, एवढ्या माणसांत बसून, मला कसलीही लाज वाटत नव्हती. मग तू बटण फिरवलंस आणि ती परत आली. मी उठलो आणि पाचची बस धरली.

मामा